मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या संगणकप्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणारे, पण अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक त्या दिवसापासून एका अर्थाने बेवारस झाले. शाळा, वाचनालये, सहकारी संस्था, लहान कार्यालये यांना तेव्हापासून एक सल्ला वारंवार दिला जात आहे : यंत्र मोडीत काढू नका, त्यावर लिनक्स बसवा. सल्ला योग्यच आहे. लिनक्सला परवानाशुल्क द्यावे लागत नाही, तिचा स्रोत सर्वांना खुला आहे आणि जुन्या यंत्रावरही ती बऱ्यापैकी चालते. परंतु या सल्ल्यासोबत यायला हवा असा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमागे कंपनी उभी असते. जे सर्वांचे आहे, ते सांभाळतो कोण? उद्या त्यात खोट निघाली, तर ती दुरुस्त करायला कोण बसलेले असेल?

या प्रश्नाची चर्चा जगात सर्वांत उघडपणे, आणि सर्वांत कडवटपणे, झाली ती संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत. सिस्टमडी, अपस्टार्ट, ओपनआरसी ही नावे सामान्य वाचकाच्या कानावर आलेली नसतील. पण या स्पर्धकांपैकी कोणामागे किती प्रोग्रामर उभे राहिले, यावर गेल्या पंधरा वर्षांतील लिनक्सचे स्वरूप ठरले आहे. हा वाद मिटलेलाही नाही. लिनक्सवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या ग्नोम या पडदाव्यवस्थेच्या प्रकल्पाने जून २०२५ मध्ये जाहीर केले की आपले काही भाग यापुढे सिस्टमडीवर अधिक विसंबून राहतील आणि स्वतःची जुनी पर्यायी व्यवस्था काढून टाकली जाईल. पर्याय वापरणाऱ्यांना त्यामुळे पुन्हा धावपळ करावी लागली. असे निर्णय कसे होतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिली प्रक्रिया

संगणकाची कळ दाबल्यावर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत येतो आणि एकच कार्यक्रम सुरू करतो. त्याला प्रक्रिया क्रमांक १ म्हणतात. परंपरेने त्याचे नाव इनिट. पुढचे सारे काम त्याच्याकडे : साठवणीच्या चकत्या जोडणे, नेटवर्क उभे करणे, छपाई, ध्वनी, प्रवेशाचा पडदा अशा डझनावारी सेवा योग्य वेळी सुरू करणे आणि मध्येच कोणी कोसळला तर त्याची दखल घेणे. नाटकात रंगमंच-व्यवस्थापक जे करतो, तेच हे काम. प्रेक्षकाला तो दिसत नाही. तो नसेल तर पडदा वर जात नाही. ही पहिली प्रक्रिया कोसळली, तर संपूर्ण प्रणाली जागच्या जागी थांबते.

लिनक्सवर दीर्घकाळ हे काम सिस्व्ही-इनिट करीत असे. १९८३ सालच्या युनिक्स सिस्टम फाइव्हची पद्धत मिकेल फान स्मूरेनबुर्ख यांनी लिनक्ससाठी नव्याने लिहिली होती. पद्धत सोपी होती. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी आज्ञावली, तिला एक क्रमांक आणि क्रमांकानुसार एकेक सेवा सुरू. पण यंत्रे बदलली. यूएसबीची उपकरणे कधीही जोडली आणि काढली जाऊ लागली, लॅपटॉप एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाऊ लागले. ठरलेल्या क्रमाने चालणारी व्यवस्था या धावपळीला अपुरी पडू लागली. शिवाय त्या छोट्या आज्ञावल्या प्रत्येक वितरणाला, म्हणजे डेबियन, रेड हॅट, सुसे यांना, आपापल्या परीने लिहाव्या आणि सांभाळाव्या लागत. एकच काम दहा ठिकाणी दहा जण करीत होते.

दोन दावेदार

पहिले मोठे उत्तर २००६ साली उबुंटूने दिले. उबुंटूमागील कॅनॉनिकल या कंपनीतील स्कॉट जेम्स रेमनंट यांनी अपस्टार्ट लिहिले. त्यात क्रमांकाची जागा घटनेने घेतली : नेटवर्क आले की अमुक सुरू करा, चकती जोडली गेली की तमुक. कल्पना पटण्यासारखी होती. रेड हॅटच्या छत्राखालील फेडोराने २००८ मध्ये अपस्टार्ट स्वीकारले, २०१० च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्येही ते होते. म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीच्या मुख्य उत्पादनात कॅनॉनिकलची आज्ञावली पहिल्या प्रक्रियेच्या आसनावर बसली होती. त्या वेळी कोणालाही वाटले असते की स्पर्धा संपली.

प्रत्यक्षात ती तेव्हाच सुरू होत होती. ३० एप्रिल २०१० रोजी रेड हॅटचे लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टमडीची घोषणा केली. त्यांचे सहकारी के सीव्हर्स त्या वेळी नोव्हेल या कंपनीत होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. ॲपलने २००५ साली आपल्या संगणकांसाठी वापरात आणलेल्या लाँचडीपासून त्यांनी एक युक्ती घेतली. सेवा सुरू होण्याआधीच तिच्या संपर्काचे दार उघडून ठेवायचे, म्हणजे सर्व सेवा एकाच वेळी सुरू करता येतात; कोणी कोणासाठी खोळंबत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे लांबलचक आज्ञावलीऐवजी प्रत्येक सेवेसाठी काही ओळींचे वर्णनपत्र. ते मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने एकदा लिहायचे आणि सर्व वितरणांनी जसेच्या तसे वापरायचे.

ही दुसरी गोष्ट तांत्रिक वाटते, पण तिचा खरा संबंध श्रमाशी आहे. प्रत्येक वितरणाच्या डोक्यावरचा शेकडो आज्ञावल्या सांभाळण्याचा भार त्यामुळे उतरला. ज्यांच्याकडे माणसे कमी होती, त्यांना हा लाभ अधिक जाणवला. २०११ मध्ये फेडोरा आणि ओपनसुसे, २०१२ मध्ये आर्च सिस्टमडीकडे गेले. यांपैकी आर्च हा संपूर्णपणे स्वयंसेवकांचा प्रकल्प. ‘रेड हॅटने पैशाच्या जोरावर सिस्टमडी लादले’ हा आरोप आजही ऐकू येतो. रेड हॅटने पगारी माणसे दिली हे खरे आहे. परंतु पगारी माणसे कॅनॉनिकलनेही दिली होती. तेवढ्याने निकाल लागत असता, तर आघाडीवर असलेले अपस्टार्ट मागे पडण्याचे कारण नव्हते.

फरक होता तो बाहेरच्या माणसाला आत येण्यासाठी असलेल्या दाराचा. कॅनॉनिकलच्या प्रकल्पात भर घालायची, तर कंपनीशी करार करावा लागे. सुरुवातीला त्या करारानुसार लेखनाचे हक्कच कंपनीकडे जात. २०११ नंतर हक्क लेखकाकडे राहू लागले, तरी ते लेखन अन्य कोणत्याही परवान्याखाली, अगदी बंदिस्त स्वरूपातही, वितरित करण्याची मुभा कंपनीला मिळे. सिस्टमडीला अशी अट नव्हती. सर्वांना लागू असलेला खुला परवाना, तोच लेखकाला आणि तोच कंपनीला. दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामरने फावल्या वेळात किंवा मालकाच्या परवानगीने काही सुधारणा केली, तर ती कोठे पाठवणे सोपे, हे उघड आहे. २०११ मध्ये रेमनंट कॅनॉनिकल सोडून गूगलमध्ये गेले. त्यांच्यामागे अपस्टार्ट सांभाळणारे बोटांवर मोजण्याइतके होते आणि जवळजवळ सारे एकाच कंपनीचे. सिस्टमडीचा चमू त्या काळात कंपन्यांच्या सीमा ओलांडून वाढत होता.

डेबियनचा कौल

या दोहोंत निवड करण्याची सर्वांत अवघड वेळ आली डेबियनवर. डेबियन ही कंपनी नाही. स्वतःची घटना, निवडणुका आणि मतदान असलेला जगभरच्या स्वयंसेवकांचा तो समुदाय आहे. उबुंटूसह अनेक वितरणे त्याच्या पायावर उभी आहेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये हा प्रश्न आठ सदस्यांच्या तांत्रिक समितीकडे गेला. समितीची चर्चा सर्वांना वाचता येईल अशी लेखी झाली. अपस्टार्टच्या बाजूने झुकलेल्या चौघांपैकी दोघे त्या वेळी कॅनॉनिकलच्या सेवेत होते आणि हे सर्वांना ठाऊक होते. चर्चेत तांत्रिक गुणदोषांबरोबर दोन्ही प्रकल्पांमागील समुदायाचा आकार आणि कॅनॉनिकलच्या कराराची अट हे मुद्देही आले.

मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडली. ११ फेब्रुवारी २०१४ रोजी अध्यक्ष ब्डेल गारबी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. अवघ्या तीन दिवसांनी उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही सिस्टमडीकडे जाईल असे जाहीर केले. एप्रिल २०१५ च्या उबुंटू आवृत्तीत ते घडले. त्याच महिन्यात डेबियनची आठवी आवृत्तीही सिस्टमडीसह बाहेर पडली. अपस्टार्ट आज उरले आहे ते मुख्यतः गूगलच्या क्रोम ओएसमध्ये. तेथे ते सांभाळण्याची गरज आणि ऐपत एकाच कंपनीकडे आहे.

निकाल लागला, तरी वाद शमला नाही. सिस्टमडीचा विस्तार विरोधकांना खुपत होता. ते केवळ सेवा सुरू करून थांबत नव्हते. नोंदी ठेवणे, वापरकर्त्यांची सत्रे सांभाळणे, उपकरणे ओळखणे ही कामेही त्याच्या छताखाली आली होती. एक आज्ञावली, एक काम या युनिक्सच्या जुन्या शिस्तीचा हा भंग आहे, असे अनेक अनुभवी जाणत्यांचे म्हणणे होते आणि ते निराधार नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी सीव्हर्स यांचे लेखन कर्नलमध्ये घेण्यास नकार दिला. आपल्या आज्ञावलीमुळे इतरांना होणारा त्रास ते निस्तरत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या बाजूने पोटरिंग यांच्यावर वैयक्तिक पातळीवर जी चिखलफेक झाली, ती कोणत्याही तांत्रिक मतभेदाला शोभणारी नव्हती. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीतील तिघांनी राजीनामे दिले, डेबियनमध्ये सिस्टमडी सांभाळणाऱ्या गटातील एक जण कंटाळून बाजूला झाला आणि डेबियनसाठी दीर्घकाळ काम केलेले जोई हेस समुदायच सोडून गेले. मनुष्यबळाचा हिशेब मांडताना ही बाजूही धरावी लागते. वादाच्या काळात सर्वांत मोलाचे हातच आधी थकतात.

आवाज आणि हात

नाराजांकडे मुक्त सॉफ्टवेअरने दिलेले सर्वांत मोठे शस्त्र होते : मूळ प्रकल्पाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडण्याचे स्वातंत्र्य. त्यांनी ते वापरले. नोव्हेंबर २०१४ मध्ये डेवुआनची घोषणा झाली. डेबियन, पण सिस्टमडीशिवाय. डेबियनची आठवी आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली; तिच्या तोडीची डेवुआनची पहिली स्थिर आवृत्ती यायला मे २०१७ उजाडला. डेवुआन आजही चालू आहे आणि त्याच्या चालकांची चिकाटी कौतुकास्पद आहे. पण दोन तारखांमधील ते अंतर पुरेसे बोलके आहे. सिस्टमडीविरुद्ध बोलणाऱ्यांची संख्या प्रचंड होती; रोज सकाळी बसून शेकडो पॅकेजे तपासणारे थोडे होते.

याच सुमारास सिस्टमडी कापून लहान करण्याचा यूझलेसडी हा प्रयत्न झाला आणि काही महिन्यांत थांबला. जेंटू या वितरणातील मंडळींनी उपकरणे ओळखणारा भाग वेगळा काढून ईयूडेव्ह या नावाने चालवला. सत्रे सांभाळणारा भाग ईलॉगइनडी या नावाने स्वतंत्र झाला. ग्नोमसारखी व्यवस्था सिस्टमडीशिवाय चालवायची तर या भागाची गरज असते. अशा प्रकल्पांची अडचण एकच. मूळ प्रकल्प थांबत नाही. तिकडे बदल झाला की इकडे तो पाहून, समजून, जुळवून घ्यावा लागतो. पर्याय जिवंत ठेवणाऱ्यांना नवे काही घडवण्याआधी दुसऱ्याच्या चालीशी चाल जुळवण्यातच शक्ती खर्च करावी लागते. ग्नोमने २०२५ मध्ये जो निर्णय घेतला, त्याचे मूळही येथेच आहे. फारसे कोणी वापरत नाही, तपासत नाही, असा पर्यायी भाग किती काळ वाहायचा, असा प्रश्न त्या प्रकल्पातील मोजक्या हातांपुढे होता.

डेबियनने डिसेंबर २०१९ मध्ये या विषयावर पुन्हा सर्वसाधारण मतदान घेतले. सिस्टमडी हा मुख्य आधार राहील, पर्यायांचा शोध घेणाऱ्यांना मात्र वाव असेल, असा पर्याय निवडून आला. सभ्य भाषेतील त्या ठरावाचा व्यवहारातील अर्थ असा : ज्याला वेगळी वाट हवी, त्याने ती स्वतः बांधावी; तिच्यात आडकाठी केली जाणार नाही. स्वातंत्र्याची ही व्याख्या न्याय्य आहे. पण अंगी बळ नसलेल्याला तिचा उपयोग थोडा.

लहान असण्याचे बळ

येथवरचे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की ज्याच्यामागे माणसे जास्त, तो श्रेष्ठ. हिशेब इतका सरळ नाही. किती हात लागतील, हे काम किती मोठे घेतले आहे यावर अवलंबून असते.

रॉय मार्पल्स यांनी जेंटूच्या परिसरात सुरू केलेले ओपनआरसी आजही जेंटू आणि अल्पाइन या वितरणांत सेवा सांभाळते. गेरिट पापे यांचे रनिट व्हॉइड या वितरणाचा पाया आहे. लोराँ बेर्को यांचे एस६ नेटक्या रचनेसाठी वाखाणले जाते. यांपैकी कोणामागेही सिस्टमडीसारखी फौज नाही. तरी ती टिकली, कारण त्यांनी कामाची मर्यादा आखून घेतली. रनिटची नवी आवृत्ती वर्षानुवर्षे निघाली नाही, तरी कोणाचे काही अडले नाही. एका माणसाला वाचून समजेल एवढे सॉफ्टवेअर एक माणूस सांभाळू शकतो.

म्हणून बदलांची संख्या मोजून प्रकल्पांची तुलना करणे फसवे ठरते. सिस्टमडीत दरवर्षी शेकडो जण भर घालतात. पण त्यात एखाद्या शब्दाची चूक दुरुस्त करणाराही येतो आणि पहिल्या प्रक्रियेच्या गाभ्यात हात घालणाराही. गाभा जाणणारे तेथेही थोडेच आहेत. उलट सिस्व्ही-इनिटची २०१० नंतरची अधिकृत आवृत्ती थेट २०१८ मध्ये आली. ही आठ वर्षे प्रकल्प परिपक्व होता म्हणून शांत होता की वाली नव्हता म्हणून, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दुसरे प्रश्न विचारावे लागतात. सुरक्षेची खोट कळवली, तर उत्तर किती दिवसांत येते? काम करणाऱ्यांचे पगार किती वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात? मूळ कर्ता उद्या निघून गेला, तर गाडा चालेल का?

शेवटच्या प्रश्नाची परीक्षा दोन्ही दावेदारांनी दिली आहे. २०११ मध्ये रेमनंट गेल्यावर अपस्टार्टला ओहोटी लागली. २०२२ मध्ये पोटरिंग रेड हॅट सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. सिस्टमडीच्या कामात खंड पडला नाही. रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, मेटा, सुसे, कॅनॉनिकल अशा एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांतील माणसे आणि स्वयंसेवक तोवर त्यात गुंतलेले होते. कॅनॉनिकलचा पुढचा इतिहासही हेच सांगतो. युनिटी ही तिची स्वतःची पडदाव्यवस्था एप्रिल २०१७ मध्ये तिने सोडून दिली. एका कंपनीच्या आधाराचे आयुष्य त्या कंपनीच्या ताळेबंदाइतके असते.

साखळीतील अशक्त कडी

मोठा प्रकल्प सुरक्षित असतो, या समजुतीलाही मार्च २०२४ मध्ये जबर धक्का बसला. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक गंभीर कट उघडकीस आणला. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेला आपल्या यंत्रावर नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना त्यांना एक्सझेड या आकुंचन-आज्ञावलीत, म्हणजे फाइली लहान करणाऱ्या आज्ञावलीत, दडवलेले चोरदार सापडले. ते तसेच राहून सर्वत्र पसरले असते, तर जगभरातील असंख्य सर्व्हर परक्याच्या हाती गेले असते.

एसएसएचला मुळात एक्सझेडची गरज नाही. मग चोर आत आला कसा? अनेक वितरणांनी एसएसएचमध्ये एक लहानसा बदल केला होता, जेणेकरून ‘मी तयार आहे’ असा निरोप तिने सिस्टमडीला द्यावा. त्यासाठी सिस्टमडीचा ग्रंथालय-संच जोडला गेला, त्याच्याबरोबर एक्सझेड आले आणि एक्सझेडबरोबर चोरदार. सिस्टमडीमागे कंपन्यांची रांग होती. एक्सझेड मात्र लासे कोलिन नावाचा एक स्वयंसेवक अनेक वर्षे विनामोबदला सांभाळत होता. ‘काम संथ चालले आहे, दुसरा कोणी घ्या’ असा दबाव त्याच्यावर पद्धतशीर आणला गेला आणि ज्या टोपणनावाच्या व्यक्तीने मदतीचा हात पुढे केला, तिनेच दोन-अडीच वर्षे विश्वास संपादन करून घात केला.

या घटनेतून सिस्टमडीच्या विरोधकांनी काढलेला धडा असा की, अनावश्यक जोडण्या टाळाव्यात. तो बरोबर आहे. एवढासा निरोप द्यायला अख्खा संच जोडण्याची गरज नव्हती, आणि पुढे जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचने हा निरोप देण्याची स्वतःची छोटी सोय केलीही. पण त्याहून मोठा धडा मनुष्यबळाचा आहे. मोजणी करताना वरचा, नावाजलेला प्रकल्प मोजून चालत नाही. तो ज्यांच्या खांद्यावर उभा आहे, त्यांतील सर्वांत एकाकी माणूस किती थकलेला आहे, हे पाहावे लागते.

आपला हिशेब

यातून आपण काय घ्यायचे? केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. केरळच्या शाळांतील प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे. म्हणजे फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ जणांच्या समितीत एका मताने झालेला निर्णय या प्रणालींपर्यंतही पोहोचतो. तो चुकीचा होता असे नाही. मुद्दा इतकाच की, तो होत असताना इतक्या मोठ्या वापरकर्त्या देशाचा त्या मेजावर आवाज जवळपास नव्हता. अशा समुदायांत आवाज मिळतो तो कामातून, ग्राहकसंख्येतून मिळत नाही.

मराठीच्या बाबतीतही हा अनुभव आपल्या जवळचा आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षे देवनागरी मजकूर दाखवणारा लोहित हा मुक्त टंक आणि अनेक आज्ञावल्यांचे मराठी अनुवाद यांमागे रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील मंडळींचे श्रम मोठे होते. एका कंपनीला त्यात रस होता म्हणून ते झाले. तो रस आटला, तर पुढे कोण, याचे उत्तर मराठी किंवा कोकणी भाषक समाजाने, त्यांच्या विद्यापीठांनी आणि सरकारांनी तयार ठेवलेले नाही.

इतरत्र उत्तरे शोधली जात आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला. रस्ते आणि पूल यांप्रमाणेच मुक्त सॉफ्टवेअर ही सार्वजनिक सोय मानून तिच्या देखभालीसाठी सरकारी पैसा द्यायचा, ही त्यामागची भूमिका. २०२३ मध्ये या निधीतून ग्नोमला दहा लाख युरो मिळाले. आपल्याकडे झिरोधा या बंगळूरच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलर देण्याची योजना जाहीर केली. खासगी कंपनीने हे करावे आणि सर्वांत मोठा वापरकर्ता असलेल्या शासनयंत्रणेने केवळ वाचलेल्या परवानाशुल्काचे आकडे सांगावेत, ही विसंगती आहे.

गोव्यासारख्या लहान राज्याने नवी संगणकप्रणाली लिहावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण वाचलेल्या शुल्काचा थोडा हिस्सा देखभालीकडे वळवणे राज्याच्या आवाक्यातले आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे अंतिम वर्षाचे प्रकल्प कपाटात पडून राहण्याऐवजी चालू मुक्त प्रकल्पांतील खोटी शोधण्याकडे आणि दुरुस्त करण्याकडे वळवता येतील. शासकीय खरेदीच्या निविदेत एक ओळ घालता येईल : पुरवठादाराने केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठवली पाहिजे. देवनागरी टंक, कोकणी आणि मराठी अनुवाद यांसाठी दोन-तीन पूर्णवेळ जागा ही कोणत्याही खात्याला जड जाणारी गोष्ट नाही. अशा दोन-तीन माणसांचे मोल किती, हे अपस्टार्टच्या आणि एक्सझेडच्या कहाणीने दाखवून दिले आहे.

आपल्या शाळेतील जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्याचा निर्णय घेणाऱ्या मुख्याध्यापकाला हे सारे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने मोठ्या आणि अनेकांच्या आधारावर उभे असलेले वितरण निवडावे, वेळच्या वेळी सुधारित आवृत्त्या घ्याव्यात, एवढे पुरे. परंतु ज्यांच्या हाती धोरण आहे, त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर फुकट असते हा समज आता सोडायला हवा. त्याची किंमत कोणी ना कोणी रोज श्रमाने मोजत असते, आणि ती मोजणाऱ्यांच्या यादीत आपले नाव अजून फार खाली आहे.